आधी पॉलिश, मग पेंट

आमच्या व्यापारी वाचकांपैकी अनेकांच्या दारात आजही एखादी जुनी गाडी उभी असते. कोणाची मारुती ८००, कोणाची ओम्नी, तर कोणाकडे वडिलांच्या काळातील पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडर. इंजिन ठीक असते. आठवड्यातून दोनदा कराडहून किंवा मिरजेहून माल आणायला तीच गाडी कामी येते. पण टप आणि बॉनेट पाहावे, तर लाल रंगाचा गुलाबी झालेला असतो, निळ्यावर पांढुरकी साय आलेली असते आणि हात फिरवला की बोटांना पीठ लागते. लग्नसराई जवळ आली की घरातील मंडळी म्हणू लागतात की या गाडीतून पाहुण्यांना आणायचे कसे? मग गाडी गॅरेजवर जाते आणि पहिलेच उत्तर मिळते, "भाई, फुल पेंट मारावा लागेल."

आमचे स्पष्ट मत असे आहे की पुष्कळ वेळा हे उत्तर चुकीचे असते. ते गिऱ्हाइकाचे नुकसान करते, आणि त्याहून जास्त नुकसान ते देणाऱ्या कारागिराचे करते. हा लेख त्यासाठीच आहे.

आमचाच अनुभव सांगतो. घरी १९९७ सालची लाल मारुती ८०० आहे. काही वर्षांपूर्वी साताऱ्यातील एका गॅरेजवर ती दाखवली, तेव्हा पंचवीस हजार रुपये आणि आठ दिवस असा हिशेब सांगण्यात आला. तेवढ्यात कामानिमित्त मिरजेला जाणे झाले. तेथे एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी पाहिली, फडक्यावर चिमूटभर कंपाउंड घेतले आणि बॉनेटच्या कोपऱ्यावर वीतभर जागा पाच मिनिटे घासली. फडके लाल झाले आणि ती वीतभर जागा गाडी घेतली त्या दिवसासारखी दिसू लागली. मिस्त्री म्हणाले, "रंग जिवंत आहे. वरचं कातडं तेवढं मेलंय. घरीच काढा, दोन रविवार लागतील." पैसे विचारले, तर चहा सांगा म्हणाले.

आम्ही घरीच ते काम केले. गाडी नवी झाली नाही, पण शेजारच्या दुकानदाराने रंग कोठे मारला म्हणून विचारले. पुढे मागच्या दाराला खालून गंज आला, तेव्हा ती गाडी पंचवीस हजार सांगणाऱ्याकडे गेली नाही. ती मिरजेला त्या मिस्त्रींकडे गेली, आणि आमच्यामागून आणखी दोन गाड्या गेल्या. सगळा व्यापार या एका गोष्टीत आला.

शिकलगारांचे गाव

चकाकी आणणे हा आपल्या भागात परका हुनर नाही. सांगली, मिरज, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात शिकलगार आडनावाची घरे गावोगाव आहेत. सैकल म्हणजे घासून आणलेली चकाकी, आणि ते काम करणारा तो सैकलगर. त्याचेच मराठीत शिकलगार झाले. तलवारी, जंबिये, भाले यांची धार आणि झळाळी राखणे हे त्यांचे काम. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचा बडेजाव संपला, हत्यारांना मागणी राहिली नाही, तेव्हा मिरजेच्या शिकलगार घराण्यातील कारागीर रडत बसले नाहीत. त्यांनी सतारी आणि तानपुरे बनवायला घेतले आणि सतारमेकर हे त्यांचे नवे आडनाव झाले. ज्या हातांनी पोलाद घासले, त्याच हातांनी भोपळ्यावर आणि लाकडावर स्पिरिटमधील लाखेचे पॉलिश चढवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या इतिहासातून कारागिराने एवढेच घ्यावे की घासायचे किती आणि थांबायचे कोठे, हे कळणे म्हणजेच हुनर. तलवार जास्त घासली तर पाते झिजते, तानपुऱ्याचे पॉलिश जास्त घासले तर लाकूड उघडे पडते. गाडीच्या रंगाचेही तसेच आहे.

रंग फिका का पडतो?

जुन्या पद्मिनी, ॲम्बॅसिडर आणि सुरुवातीच्या साध्या रंगातील बऱ्याच गाड्यांवर एकाच जातीचा रंग असे. मिस्त्री मंडळी ज्याला ड्युको म्हणतात तो, किंवा इनॅमल. रंगही तोच आणि चकाकीही त्याचीच. उन्हातील अतिनील किरणांनी वरच्या थरातील राळ कुजते. राळेने धरून ठेवलेले रंगाचे कण मोकळे होतात आणि पिठासारखे वर बसतात. लाल रंग यात सर्वांत आधी बळी पडतो. पण ही कूज वरच्या पापुद्र्यापुरतीच असते आणि खाली चांगला रंग शिल्लक असतो. कंपाउंडने घासणे म्हणजे तो मेलेला पापुद्रा काढणे.

नंतरच्या गाड्यांवर, विशेषतः मेटॅलिक रंगात, खाली रंगाचा थर आणि वर बिनरंगी क्लिअर कोट असतो. तेथे चकाकी क्लिअर कोटची असते. तो ओरखड्यांनी धूसर झाला तर पॉलिशने उजळतो, पण सोलून निघू लागला तर जगातील कोणतेही पॉलिश त्याला परत आणू शकत नाही.

आपल्या भागातील हवापाणीही यात भर घालते. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी टपावर बसते आणि ती कोरड्या फडक्याने झटकली की काचपेपरचे काम करते. कृष्णाकाठच्या अनेक गावांत बोअरचे पाणी क्षाराचे आहे. त्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली की पांढरे डाग उठतात. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळा मोठा, त्यामुळे जेथे रंगाला टवका उडाला असेल तेथे गंज लवकर धरतो. झाडाखाली गाडी लावली तर चीक आणि पक्ष्यांची विष्ठा आहेच. ती उन्हात वाळू दिली तर रंगात खड्डा पडतो. म्हणून दिसताच ओल्या फडक्याने भिजवून उचलावी.

आधी ओळखा

खर्च करण्यापूर्वी तीन परीक्षा घराच्या अंगणातच कराव्यात.

पहिली परीक्षा फडक्याची. दाराच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकाच जातीचा आहे. फडके जवळपास पांढरेच राहिले तर वर क्लिअर कोट आहे.

दुसरी परीक्षा नखाची. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल तर ओरखडा पॉलिशने जाईल किंवा बराच कमी होईल. नख अडकत असेल तर तो खोल आहे. घासून काढण्याचा हट्ट धरू नये.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. रंगाला फोड आले आहेत का, कडा सोलल्या आहेत का, बारीक तडे गेले आहेत का, पूर्वी मारलेल्या पुट्टीचा उंचवटा दिसतो का, हे तिरप्या उजेडात पाहावे. फोड म्हणजे खाली गंज. तेथे पॉलिशचे काम संपते आणि मिस्त्रीचे काम सुरू होते.

घरी करण्याची पद्धत

लागणारे सामान थोडे आहे. गाडी धुण्याचा शाम्पू, दोन बादल्या, क्ले नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी, रबिंग कंपाउंड, त्याहून बारीक पॉलिश, मेण, मास्किंग टेप आणि मऊ मायक्रोफायबर फडकी. हे सर्व साधारण दीड-दोन हजारांत येते आणि दोन-तीन वेळा पुरते.

काम सावलीत करावे. पत्र्याला हात लावून तो थंड आहे ना हे पाहावे, कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड सुकून बसते आणि डाग देते. सकाळची वेळ उत्तम.

प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ सैल करावी, मग शाम्पूने वरून खाली धुवावे. एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडके खळबळण्याचे साधे पाणी. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. ती जुने मेण काढून टाकते आणि रबराची पट्टी कोरडी करते. क्षाराचे पाणी असेल तर सुकण्याआधी फडक्याने टिपून घ्यावे. क्षाराचे ताजे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. नंतर ती जागा पुन्हा धुवावी.

मग हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून टपावरून हळूच फिरवावी. नुसत्या हाताला न लागणारी कचकच पिशवीतून लगेच कळते. ती असेल तर शाम्पूचे पाणी मारून क्लेची वडी हलक्या हाताने पुढे-मागे फिरवावी. वडी जमिनीवर पडली की टाकून द्यावी. तिला चिकटलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघा ओढतो.

आता कंपाउंड. प्रथम दाराच्या कडा, बॉनेटच्या उंच रेषा, नंबरप्लेटभोवतीचे प्लॅस्टिक आणि रबर यांवर टेप लावावी. कडांवर रंग नेहमीच पातळ असतो आणि घासताना पहिला तोच उघडा पडतो. एका वेळी दीड फूट चौरसापेक्षा मोठी जागा घेऊ नये. फडक्यावर थोडेच कंपाउंड, आरंभी मध्यम दाब, शेवटी अगदी हलका. पुसून पाहावे. चकाकी आली की थांबावे. आणखी थोडे, आणखी थोडे या मोहात पडू नये. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरसकट सर्व थरांची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. प्रत्येक घासण्यात त्यातील काही जाते आणि ते परत येत नाही. म्हणून कंपाउंड हे दर महिन्याचे काम नव्हे. एकदा केले की पुढची काही वर्षे मेणावर भागवावे.

कंपाउंडनंतर बारीक पॉलिश, आणि त्यानंतर मेणाचा पातळ थर. मेण वाळून धुरकट झाले की स्वच्छ फडक्याने पुसून काढावे. उघड्यावर राहणाऱ्या गाडीवर मेण दोन-तीन महिने टिकते. जुना रंग मेणाशिवाय ठेवला तर वर्षभरात पुन्हा पीठ सोडू लागतो. निदान पावसाळ्याआधी एकदा आणि हंगामाची काजळी थांबली की एकदा मेण लावण्याचा शिरस्ता ठेवावा. साताऱ्यात बनलेली प्रिया स्कूटर कोणाच्या घरी अजून असेल तर तिलाही हीच रीत लागू पडते. सुरुवात करण्यासाठी ती गाडीपेक्षा सोपी.

मशीनविषयी एक सूचना. गोल फिरणारी बफिंग मशीन सरावलेल्या हाताची वस्तू आहे. नवख्याच्या हातात ती एका जागी दोन क्षण थांबली तरी रंग जाळते. वॉटर पेपरचेही तसेच. २००० नंबरचा पेपरसुद्धा घरच्या माणसाने शक्यतो हाती धरू नये. ही दोन्ही कामे उस्तादाकडे द्यावीत.

आणि काही सवयी सोडाव्यात. डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने गाडी पुसली की ती घटकाभर चमकते, पण त्या तेलटपणावर धूळ चिकटते आणि दरवाजाचे रबर फुगते. पूर येऊन गेल्यावर, जसा २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीने पाहिला, गाडीवर बसलेला गाळ कोरडा खरवडू नये. पाण्याने भिजवून, ओघळू देऊन काढावा.

मिस्त्री कोठे लागतो?

गंज, फोड, सोललेला क्लिअर कोट, ठोकर आणि खोल ओरखडा ही मिस्त्रीची कामे. पण तेथेही सगळी गाडी रंगवण्याची गरज क्वचितच असते. खराब पॅनल रंगवून बाकीची गाडी पॉलिशने त्याच्या जोडीला आणता येते. मिस्त्रीकडे जाताना एक गोष्ट न विसरता सांगावी, की घरी पॉलिश आणि मेण लावले आहे. त्यात सिलिकॉन असेल आणि ते नीट न काढता वर रंग मारला, तर ताज्या रंगात मासोळीच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि दोष मात्र मिस्त्रीच्या माथी येतो.

रंगच बदलायचा असेल तर लक्षात ठेवावे की आरसी बुकात गाडीच्या रंगाची नोंद असते. रंग बदलल्यास परिवहन कार्यालयात ती नोंदही बदलून घ्यावी लागते. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीचे पासिंग पुन्हा करून घेता येते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क बरेच वाढले आणि महाराष्ट्रात जुन्या गाडीवर पर्यावरण करही भरावा लागतो. हा खर्च करून जो माणूस गाडी राखतो, त्याला वर विनाकारण फुल पेंटचे बिल देणे योग्य नव्हे.

आता मिस्त्रींच्या जिवाची गोष्ट. आजकाल सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवाऱ्याबरोबर ते छातीत जाते आणि त्याने दम्याचा विकार जडतो. एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही धाप लागते. तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. त्याला योग्य मास्कच लागतो आणि हवा खेळती लागते. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाचे संयुग वापरलेले असू शकते, म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नये. घराच्या अंगणात, लेकराबाळांसमोर, पीयूचा फवारा तर कधीही मारू नये. जितके काम फवाऱ्याऐवजी पॉलिशने भागेल तितकी मिस्त्रीची छाती वाचेल.

कारागिरांचा आक्षेप

काही कारागीर बंधू आम्हाला म्हणतील, "तुम्ही गिऱ्हाइकाला घरीच पॉलिश करायला शिकवता, मग आम्ही खायचे काय?" प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

पहिली गोष्ट, ज्याला पंचवीस हजार सांगितले जातात तो बहुतेक वेळा रंग मारतच नाही. गाडी तशीच राहते आणि पुढे भंगारात किंवा मिळेल त्या भावात जाते. मिस्त्रीच्या हाती काही पडत नाही. त्याच माणसाला दोन-अडीच हजारांत मशीनचे पॉलिश करून दिले तर तो आज पैसे देतो आणि पुन्हा येतो. सगळ्यांना घरी घासायला वेळ आणि अंगात बळ असते असेही नाही. ज्याने एक दार स्वतः घासले, त्यालाच कळते की मिस्त्री पैसे कशाचे घेतो.

दुसरी गोष्ट, आज मिस्त्रीच्या धंद्यावर घाला गिऱ्हाईक घालत नाही. काचेची दुकाने थाटून सिरॅमिक कोटिंगची पॅकेजे विकणारी मंडळी तो घालत आहेत. कोटिंग वाईट नाही. पण ते खालच्या रंगावर बसते, मेलेला रंग जिवंत करत नाही. आधी पॉलिश नीट झाले नसेल तर कोटिंगखाली ऐब तसाच कायम होतो. म्हणजे खरा हुनर पॉलिशमध्येच आहे, आणि तो आपल्या मिस्त्रीच्या हातात आहे. फरक इतकाच की ते बोर्ड लावतात, दर लिहितात, पावती देतात. आपल्याकडे दर माणूस पाहून ठरतो.

तिसरी गोष्ट इमानाची. पॉलिश ही झाकण्याचीही कला आहे. पुरात बुडालेली किंवा ठोकलेली गाडी चकाकवून, काही न सांगता गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे. मालातील ऐब सांगून विकावा ही आपली जुनी शिकवण आहे. गाडी विकणाऱ्याने ती पाळावी, आणि पॉलिश करणाऱ्यानेही अशा कामाला हात लावू नये. दोन हजारांसाठी गेलेले नाव वीस वर्षांत परत येत नाही.

करता येण्याजोगे

आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक डेंटिंग-पेंटिंग गॅरेजने पॉलिशचा दर लिहून लावावा. गाडी आली की आधी वीतभर जागा घासून दाखवावी आणि मगच पॉलिश की पेंट हे सांगावे. शागीर्दाला फवारा हातात देण्याआधी वर्षभर घासण्याचे काम शिकवावे आणि मास्कशिवाय कोणाला रंगाजवळ उभे करू नये. ज्यांची मुले दहावी झाली आहेत त्यांनी आयटीआयच्या अभ्यासक्रमांत वाहनांच्या बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी करावी. उस्तादाचा हात आणि सरकारी प्रमाणपत्र दोन्ही असले तर बँकेच्या दारातही किंमत येते.

सरकारकडेही एक मागणी आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. त्यात हत्यारे घडवणारा आहे, पण गाडी रंगवणारा आणि घासणारा नाही. ज्या शिकलगाराचा बाप हत्यारे घासत होता आणि मुलगा बॉनेट घासतो, त्याचा हुनर बदललेला नाही, फक्त पत्रा बदलला आहे. या कारागिरांचा विचार व्हावा असे आम्हास वाटते. संघटना करून निवेदन देण्याचे काम सातारा आणि सांगलीच्या गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन करावे. एकट्याचे कोणी ऐकत नाही.

गाडीमालक वाचकांना शेवटी इतकेच सांगणे आहे. पुढच्या रविवारी सकाळी सावलीत गाडी उभी करा, फडक्यावर चिमूटभर कंपाउंड घ्या आणि वीतभर जागा घासून पाहा. खाली चांगला रंग सापडला तर पंचवीस हजार वाचले. नाही सापडला तर खरे सांगणारा मिस्त्री शोधा, आणि सापडला की त्याला सोडू नका.